पुन्हा एकदा चाला, बाबा

पहिला डॉक्टर फार थोडं बोलला, आणि तिथेच तो बबडीच्या मनातून उतरला. बाबांना बाहेरच्या बाकावर बसवून त्याने आई आणि बबडीला आत घेतलं, पोटाचे फोटो पडद्यावर लावले आणि यकृताजवळच्या गाठीभोवती पेनाच्या टोकाने हवेतच एक गोल काढला. ऑपरेशन करून बघता आलं असतं, म्हणाला, पण अंगात तेवढी ताकद उरलेली नाही. टेबलावरून उठणार नाहीत. घरी ठेवा. दुखणार नाही एवढं मी बघतो. आणि लांबचा प्रवास अजिबात नको, ह्या आजारात पायात रक्ताच्या गुठळ्या होतात.

आई नुसती मान हलवत राहिली. बबडीच्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. एवढं शिकून, एवढा मोठा दवाखाना थाटून, सांगायचं काय तर घरी ठेवा! घरी ठेवायला डॉक्टर कशाला लागतो? बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, काय म्हणाला?

"काही नाही हो बाबा. घाबरट आहे. हात लावायलाच भितोय."

"मला वाटलंच," बाबा खूश होऊन म्हणाले. "फोटोला बसला तरी डोळे मिटेल असा चेहरा आहे त्याचा."

प्रवासाचं आणि गुठळ्यांचं तिने त्यांना सांगितलं नाही. आईने ऐकलं होतं, पण आईला पायऱ्या उतरताना चक्कर यायची, आणि त्या दिवशी तर ती कठडा दोन्ही हातांनी धरून उतरत होती. तिचं सगळं लक्ष पायऱ्यांवर होतं.

बाबांचा फोटोस्टुडिओ होता. अजूनही होता म्हणा, कारण पाटी होती आणि बबडी रोज उघडत होती. बाबा फोटो काढायचे आणि बबडी तो संगणकावर 'नीट करायची'. घरातला शब्दच होता तो. नाकावरचा फोड काढायचा, डोळ्यांखालचं काळं पुसायचं, उतरलेला खांदा सरळ करायचा, समारंभाच्या फोटोत जो मामा रुसून बसलाय त्याच्या ओठांचे कोपरे केसभर वर उचलायचे. बाबांचं म्हणणं ठाम होतं. माणूस आरशात दिसतो तसा फोटोत दिसला, तर तो फोटोग्राफरकडे येईल कशाला? तो मनात स्वतःला बघतो तसा दिसला पाहिजे. गिऱ्हाइकं फोटो हातात घेऊन खुलायची, आणि आपण कुणाला फसवतोय असं बाप-लेकीच्या कधी मनातही आलं नव्हतं. खरंच सांगायचं तर फसवत नव्हतेच ते. फोटोने कुणाचं काय वाकडं होणार?

बबडीची चाळिशी उलटून गेली होती, पण बाबांसाठी ती बबडीच. लग्न जमलं नाही की जमवलं नाही, ह्यावर नातेवाइकांत दोन तट होते. तिला त्याचं काही नव्हतं. सकाळी बाबांबरोबर स्टुडिओ उघडायचा, भांडत भांडत काम करायचं, बाबांबरोबर बंद करायचा, ह्यात तिचं आयुष्य भरलेलं होतं. बाबा नसतील तर उरेल काय, हा विचार ती करत नव्हती. तो विचार जवळ आला की ती उठून काहीतरी काम काढायची.

घरात कुणी आजारी पडलं की प्रत्येक नातेवाईक अर्धा डॉक्टर होतो. एकाने पाल्याचा रस सुचवला, एकाने पहाटेचं कोमट पाणी, एकाने तर बाबांना तोंडावर 'मी तुमच्यापेक्षा वाईट केस बघितलीय' असं सांगून धीर दिला. परदेशातल्या आतेभावाने मात्र कामाचं सांगितलं. त्याच्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात एक सर्जनबाई होत्या, अशाच गाठी काढण्यात त्यांचा हातखंडा होता. "दुसरं मत घ्यायला काय हरकत आहे? तू नुसते रिपोर्ट पाठव. पुढचं मी बघतो."

बबडीने पाठवले. बाईंनी पडद्यावर समोरासमोर वेळ दिली. बबडीला त्यांची भाषा तोडकीमोडकी येत होती, आणि बाईही लहान मुलाला सांगावं तसं सावकाश बोलत होत्या. गाठ अवघड जागी आहे, म्हणाल्या, पण मी अशा काढल्यात. प्रश्न गाठीचा नाही, माणसाचा आहे. माणसाला ऑपरेशन झेपेल का? ते मला कागदावरून कळत नाही. मला एक व्हिडिओ पाठवा. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, लांब ओटीवर टोकापर्यंत जाऊन परत यायचं, एक जिना चढायचा.

"कॅमेरा मध्येच बंद करू नका," बाई म्हणाल्या. "ते थांबले तर थांबू दे. मला थांबलेलंही बघायचंय."

बबडी हो हो म्हणाली.

दुसऱ्या कुठल्याही घरात काय झालं असतं? कुणीतरी फोन हातात धरला असता, म्हातारा उठला असता, पडत झडत चालला असता, आणि हललेला, अंधारा व्हिडिओ तसाच गेला असता. पण हे फोटोवाल्यांचं घर. बाबांनी इस्त्रीचा शर्ट मागितला. दाढी केली. ओटीच्या खिडक्यांचे पडदे कुठवर सारायचे, खुर्ची कुठे ठेवायची, सगळं स्वतः पलंगावरून ओरडून सांगितलं. खूप दिवसांनी त्यांचा आवाज चढला होता, आणि आईला त्याचंच बरं वाटत होतं.

पहिल्यांदा बाबा खुर्चीतून उठले ते दोन्ही हात टेकवून, आणि तरीही अर्ध्यातून परत बसले.

"उजेड गेला, बाबा," बबडी म्हणाली. "ढग आला. परत घेऊ."

कशी कोण जाणे, तिच्या तोंडून तसं निघून गेलं. बाबांनी खिडकीकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि तिच्या नजरेवर त्यांचा स्वतःपेक्षा जास्त विश्वास होता. "मग थांब की जरा," ते म्हणाले. तेवढ्यात तिने खुर्चीवर उशा रचल्या. त्या उंचीवरून ते उठले. उशा दिसणार नाहीत असा कॅमेरा तिने लावला होता.

ओटीवर ते खांबापर्यंत गेले आणि भिंतीला हात लावून धापा टाकत उभे राहिले. उजेड गेला. आईने स्टूल आणलं, बाबा बसले, दम खाल्ला, आणि मग बबडीने खांबाच्या पलीकडून पुढचं चालणं घेतलं. जिना तर तुकड्या-तुकड्यांनीच चढले. पायरीवर बसले की उजेड गेला, उठले की आला. असं कितीतरी सकाळी चाललं. तिसऱ्या की चौथ्या सकाळी आई स्टूल हातात धरून म्हणाली, "अगं, हे बसले ते नाही का दाखवायचं? त्या बाईंनी मागितलंय ना?"

"ते बघून ती नाही म्हणेल, आई."

"नाही म्हणाली तर नाही."

"तुला काय, तू लगेच हातपाय गाळून बसतेस!"

आईने स्टूल खाली ठेवलं. बबडीला स्वतःचा आवाज ऐकून वाईट वाटलं, पण माघार घेण्याइतकं नाही. "पुन्हा एकदा चाला, बाबा," तिने हाक दिली.

मग ती स्टुडिओत बसली आणि तिने ते नीट केलं. खांबामागे एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कुणाच्या बापाला कळलं नसतं. चालण्याचा वेग तिने किंचित वाढवला, चेहऱ्यावरचा पिवळेपणा उतरवला. आयुष्यात तिने इतकं सुंदर काम केलं नव्हतं. बाबांनी ते फोनवर बघितलं, पुन्हा बघितलं, समोरच्या दुकानदाराला बोलावून दाखवलं. "बघ लेका! आणि तो डॉक्टर म्हणे हात लावायला भितो!" त्यांच्या अंगात उसनं अवसान आलं, ते दोन घास जास्त जेवले. बबडीला वाटलं, औषधापेक्षा हे बरं. खोटं कामाला येताना दिसलं की ते खोटं वाटत नाही.

बाईंचं उत्तर आलं. या. तपासून बघते, जमेल असं दिसतंय.

घरात त्या दिवशी सगळे रडले, आनंदाने. फक्त आई रडता रडता मध्येच थांबली. तिला एवढा विमानप्रवास झेपणारा नव्हता, रुग्णाबरोबर एकालाच जायचं होतं. बाबांचे कपडे पेटीत भरताना तिने बबडीला हळूच विचारलं, "आणि तिथेच काही झालं तर? तो डॉक्टर प्रवासाचं काहीतरी म्हणाला होता. मला तर शेवटचं भेटताही यायचं नाही."

"काही होत नाही, आई. अशुभ बोलू नको."

आईने पेटी बंद केली.

विमानात बाबांनी शेजारच्या प्रवाशाला व्हिडिओ दाखवला. उतरले तेव्हा त्यांचा एक पाय सुजून बूट घालता येत नव्हता. आतेभाऊ चाकाची खुर्ची घेऊन आला, बाबांकडे बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण तो भला माणूस होता, "मामा, रुबाब कायम आहे हं तुमचा," असं काहीतरी म्हणाला. गाडीत बसल्यावर आरशातून तो बबडीकडे बघत राहिला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. रुंद रस्ते, पाट्या, सायकलवरून शाळेत जाणारी मुलं. तिला त्यातलं काहीही दिसत नव्हतं.

हॉस्पिटलात सगळीकडे रंगीत खुर्च्या होत्या आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सर्जनबाई स्वतः बाहेर आल्या. उंच, पिकलेल्या केसांच्या. त्यांनी सगळ्या खुर्च्यांवर नजर फिरवली, बाबांवरूनही फिरवली, आणि त्या पुढे गेल्या. कोपऱ्यात एक बरा दिसणारा म्हातारा बसला होता, त्याच्यापाशी जाऊन त्यांनी बाबांचं नाव विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. मग त्या वळल्या.

बबडीने हात वर केला. शाळेत चूक सापडलेल्या मुलीसारखा, खांद्यापर्यंतच.

बाईंच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून बाबांशी हात मिळवला, पोट दाबून बघितलं, पाय बघितला, आणि त्यांना लगेच दाखल करून घेतलं. दुपारपर्यंत सगळ्या तपासण्या झाल्या. मग त्यांनी बबडीला एका लहान खोलीत नेलं. तिथे दोन खुर्च्या आणि कागदी रुमालांचं खोकं होतं. तिला कळायचं ते खोकं बघूनच कळलं.

पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. पोटात पाणी भरलं होतं. ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता.

"मी थांबलेलं बघायचं म्हटलं होतं," बाई म्हणाल्या.

बबडीला त्यांची भाषा त्या क्षणी अगदी लख्ख समजत होती.

"तुमच्याकडच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"घरी ठेवा म्हणाले होते."

"मीही तेच सांगितलं असतं," बाई म्हणाल्या.

"मग आता नेते ना. आता घरी नेते."

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. ह्या फुप्फुसांनिशी विमानात नेणं म्हणजे वाटेतच मारणं. औषधं देऊ, दुखणार नाही ते बघू, पण आता ते इथून हलायचे नाहीत. महिन्यांची भाषाही आता करू नका. बबडीने खोक्यातला एक रुमाल घेतला आणि तो मुठीत चुरगाळला. रडू आलंच नाही. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तिला वाटलं आपण ती स्वतःच्या हाताने ओढून घेतलीय, आणि आपल्या नाही, त्यांच्या पायाखालची.

बाबा वॉर्डातल्या खोलीत उशीला टेकून बसले होते. नाकाला प्राणवायूची नळी होती, तरी नर्सकडून कंगवा मागून त्यांनी भांग पाडला होता. ती आत शिरली तेव्हा ते नर्सला फोनवर आपला व्हिडिओ दाखवत होते. नर्सने अंगठा उंचावून त्यांना शाबासकी दिली आणि ती निघून गेली.

"कधी करतायत?" बाबांनी विचारलं. "उद्या?"

"नाही करत, बाबा."

"म्हणजे?"

"नाही म्हणाल्या."

बाबांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "ही पण घाबरटच निघाली! एवढ्या लांब बोलावलं कशाला मग? तिला म्हणावं, परत बघ नीट. हा माणूस जिना चढतोय, दिसत नाही? इथे काय ही एकटीच आहे? तुझ्या आतेभावाला सांग, दुसरा कुणीतरी शोध. अजून एकदा विचारायला काय जातं?"

त्यांना धाप लागली. बोलणं अडलं तरी बोट फोनच्या पडद्यावर ठोकत होतं. तिथे ते ओटीवरून ताठ चालत होते, इस्त्रीच्या शर्टात. तेव्हा बबडीच्या लक्षात आलं की बाबांचा त्यावर पूर्ण, अगदी पूर्ण विश्वास आहे. हजारो माणसांना त्यांनी त्यांचे नीट केलेले फोटो दिले होते, आणि ते सगळे लोक किती खुशीने त्यांवर विश्वास ठेवतात हे त्यांना ठाऊक होतं. आपण त्यांच्यातले झालोय हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. गप्प बसली तर ते शेवटच्या श्वासापर्यंत डॉक्टरांवर चिडत, उद्याची वाट बघत राहणार होते.

"बाबा," ती म्हणाली, "उजेड गेला नव्हता."

"काय?"

"तुम्ही थांबायचात. तुम्हाला चालवत नव्हतं. मी म्हणायची उजेड गेला. एकदाही गेला नव्हता."

बाबांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. ह्या वेळी ते वेगळं बघत होते, दुसऱ्या स्टुडिओतलं काम आल्यावर बघायचे तसं.

"खांबापाशी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जिन्यावर, वळणावर?"

"तिथेही."

"चांगलं जोडलंयस," बाबा म्हणाले. "कळत नाही कुठे."

त्यांनी फोन पालथा घातला. बबडीला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

"म्हणजे तो पहिला बरोबर होता."

"हो, बाबा."

"मग मला सांगायचंस ना गं," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "मी आलोच नसतो. घरात राहिलो असतो हिच्याजवळ." मग थोड्या वेळाने, "घरी नेतेस?"

तिने नाही म्हणून मान हलवली. का नाही, ते त्यांनी विचारलं नाही.

"आईला फोन लाव. आणि तू बाहेर जा."

ती बाहेर बाकावर बसली. दार लोटलेलं होतं. आतून बाबांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्ये मध्ये तो थांबायचा, तेव्हा तिकडे आई बोलत असणार. इतका हळू आवाज बाबांचा तिने कधी ऐकला नव्हता. समोरून एक माणूस बादली आणि पोछा घेऊन गेला, त्याने तिला पाय उचलायला सांगितलं, तिने उचलले. फरशी वाळायला लागली तरी ती पाय उचलूनच बसली होती.

नर्स आत गेली, आणि थोड्या वेळाने फोन हातात घेऊन बाहेर आली आणि तिच्यापुढे धरला. पडद्यावर आई होती. डोळे सुजले होते, पण रडणं आवरलेलं होतं.

"मला सांगितलं ह्यांनी सगळं."

"आई, माझं चुकलं गं. मी... मला वाटलं..."

"ते राहू दे आता. मला नाही आत्ता त्यावर बोलवत." आईने नाक पुसलं. "ऐक. झोपताना ह्यांना पाठीवर हात लागतो. लग्न झाल्यापासूनची सवय आहे. हात नसला तर झोप लागत नाही, नुसते पडून राहतात. ते तुला सांगायचे नाहीत. तू ठेव. मला आता येता यायचं नाही, तर माझ्या वाटचं तूच कर."

आई आणखी काहीतरी म्हणणार होती, पण तिचा धीर सुटला आणि तिने फोन बंद केला.

बबडी आत गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून निजले होते. खोलीतला पडदा नर्सने अर्धा ओढला होता. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठीत नुसती हाडं होती. आपण चेहऱ्यावरचा पिवळेपणा उतरवला, शर्ट नीट केला, पण इतक्या दिवसांत बाबांना हात लावून बघितलंच नाही, हे तिला आत्ता कळलं.

"हिचा हात ऊन असतो," बाबा म्हणाले.

बबडीने हात काढून दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, घासत राहिली, आणि पुन्हा ठेवला. बाबांनी वळून बघितलं नाही. ते जागे होते, आणि रडत होते, ते तिला हाताखाली कळत होतं.